मंगळवारी आमच्याकडे स्लावा नसते

एकोणीस डिसेंबरच्या संध्याकाळी तिहोमिरने उजव्या हाताची पाचही बोटं नीट मिटून कोलाच, म्हणजे सणाचा गोल पाव, मोडला. मोठा तुकडा त्याच्या हातात आला, मेणबत्ती विझली नाही आणि म्हाताऱ्या आईला रडू आवरेना.

हे झालंच नाही असं समजा. निदान मी सांगितलं असं कुणाला म्हणू नका. आत्ता सप्टेंबर चालू आहे, सर्बियातल्या पिरोत गावातल्या प्रत्येक बाल्कनीतून लाल मिरच्या भाजल्याचा धूर निघतोय, आणि चौथ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात तिहोमिर एका बरणीचं झाकण उघडतोय.

बरणी गेल्या वर्षीची होती. ती उघडायचं खरं म्हणजे काही कारण नव्हतं. यंदाच्या मिरच्यांची बरणी अजून भरायची होती आणि गेल्या वर्षी मीठ जास्त पडलं होतं की कमी, यावरून त्याचं आणि त्याच्या बायकोचं, झिवानाचं, सकाळपासून चाललं होतं. पुराव्यासाठी बरणी आणण्यात आली. झाकण हलेना.

"चमच्याची दांडी घाल की कडेला," झिवाना म्हणाली.

पाणीपुरवठा कचेरीच्या मीटर विभागाच्या उपप्रमुखाला बरणी उघडायला चमचा लागत नाही, असं तिहोमिर म्हणाला. त्याने उजव्या तळव्यात बरणी धरली, दात आवळले आणि पिळली. झाकण जागचं हललं नाही. बरणीच फुटली.

तळवा आडवा चिरला गेला आणि अनामिका नि करंगळी वाकवणाऱ्या दोन कंडरा तुटल्या. मीठ कमीच पडलं होतं हे झिवानाने नंतर काचा वेचताना चाखून पाहिलं, पण तिहोमिरने तो निकाल आजतागायत मान्य केलेला नाही.

जवळच्या निश शहरातल्या इस्पितळात कंडरा शिवल्या. शिवण फार सुरेख झाली असं शिवणाऱ्यानेच सांगितलं. "पण माझं काम इथे संपलं," तो म्हणाला. "आता पुढचे तीन महिने तुझं. बोट हलवलं नाहीस तर कंडरा आत चिकटून बसेल. जास्त हलवलंस तर तुटेल."

"मग करायचं काय?"

"बेताने हलवायचं."

आयुष्यभर सरकारी नोकरी केलेल्या माणसाला हे नवीन नव्हतं. अडचण एवढीच की बेताने म्हणजे किती, हे शिकवणारी हाताची थेरपिस्ट निशमध्ये एकच होती आणि तिच्याकडची पहिली मोकळी तारीख एप्रिलमध्ये होती. एप्रिलपर्यंत बोट चिकटून, वाळून, पेन्शनीत निघालं असतं. तेव्हा तिथल्या नर्सने दूरोपचाराचा मार्ग दाखवला. थेरपिस्ट नोवी सादला बसते, तुम्ही घरी बसा, मधे टॅबलेट ठेवा. दर मंगळवारी संध्याकाळी पाच वाजता. एक पैसा पडत नाही.

एक पैसा पडत नाही हे शब्द पिरोतच्या माणसाच्या कानाला किती गोड लागतात, ते तिथे राहिल्याशिवाय कळणार नाही.

मात्र अर्जदार प्रत्यक्ष येऊ शकत नाही, असं अर्जदाराने प्रत्यक्ष येऊन लिहून द्यायचं होतं. तिहोमिर इस्पितळाच्या कचेरीत आला. खिडकीमागच्या बाईंनी अर्ज वर धरला, खाली धरला.

"सही जुळत नाही."

"डाव्या हाताने केली आहे."

"मग उजव्याने करा."

तिहोमिरने कोपरापर्यंत स्प्लिंट घातलेला हात खिडकीतून आत दाखवला. "अहो बाई, याच हाताच्या उपचाराचा अर्ज आहे."

"मग हात बरा झाला की या," बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात खरोखरच माया होती.

शेवटी तडजोड निघाली. सदर डावा हात अर्जदाराचाच आहे, असा एखाद्या जबाबदार व्यक्तीचा शिक्का आणला तर डाव्या हाताची सही हीच यापुढची अधिकृत सही म्हणून दप्तरात चढवता येईल. इमारतीत जबाबदार व्यक्ती एकच होती. ओब्राद. तिसऱ्या मजल्यावर राहणारा, लष्करातून निवृत्त झालेला, गृहसमितीचा अध्यक्ष, आणि ज्याला शिक्का मारायला मिळाला नाही तर रात्री झोप लागत नाही असा माणूस. त्याने तिहोमिरचा डावा हात उलटापालटा करून पाहिला, तिहोमिरच्या आईला बोलावून ओळख पटवली आणि शिक्का मारला. त्या क्षणापासून या बोटावर आपला अधिकृत हक्क आहे अशी ओब्रादची समजूत झाली. इथून पुढच्या सगळ्या गोष्टीचं मूळ त्या शिक्क्यात आहे.

पहिल्या मंगळवारी पाच वाजता टॅबलेटवर एक तरुण मुलगी उगवली. नेवेना तिचं नाव. केस वर बांधलेले, मागे पांढरी भिंत, आणि समोर स्वतःचा हात धरलेला.

"नमस्कार तिहोमिरकाका," ती म्हणाली.

काका! तिहोमिर बावन्न वर्षांचा होता. त्याने झिवानाकडे पाहिलं. झिवाना भांडी पुसत होती, पण तिची पाठ हसत होती.

"सुरुवातीला मला एक सांगा," नेवेना म्हणाली. "हात बरा झाला की त्या हाताने तुम्हाला नक्की काय करायचंय? एकच गोष्ट सांगा. आपण तिकडेच जाऊ."

पेन धरायचंय म्हणाला असता तर ही कथा इथेच संपली असती आणि सगळ्यांचं भलं झालं असतं. पण तिहोमिरच्या तोंडून खरं तेच निघून गेलं.

"कोलाच मोडायचाय."

नेवेनाला आणखी काही विचारावं लागलं नाही. तिच्याही घरी स्लावा होतीच. घराण्याचा संत, त्याचा वर्षातला एक दिवस, टेबलावर मेणबत्ती आणि मधोमध गोल पाव, तो कोलाच. यजमानाने तो दोन्ही हातांनी धरायचा, समोरच्याने पलीकडून धरायचा, तीनदा फिरवायचा आणि मोडायचा. तिहोमिरच्या घराण्याचा संत निकोला, दिवस एकोणीस डिसेंबर. वडील गेल्या हिवाळ्यात गेले. कुळाचार थोरल्याकडे येतो, म्हणून यंदा पहिल्यांदा कोलाच तिहोमिरच्या हातात यायचा होता. या हातात.

थोरल्याचा हात चालत नसेल तर कुळाचार धाकट्याकडे जातो का, याबद्दल कुठेच काही ठरलेलं नाही. म्हणूनच धाकटा भाऊ रादिशा निशहून हल्ली रोज फोन करायचा.

"दादा, बोट काय म्हणतंय?"

"आहे."

"वाकतं का?"

"वाकेल."

"नाही वाकलं तरी जिवाला लावून घेऊ नकोस हां. मी आहे ना. कोलाच मी धरीन. तू आपला मेणबत्तीपाशी उभा राहा, पेटती राहील तेवढं बघ."

मेणबत्तीपाशी! तिहोमिरने फोन ठेवला तो डाव्या हाताने, पण आपटला दोन्ही हातांचा जोर लावून.

व्यायाम साधे होते. दुसऱ्या हाताने बोट वाकवायचं, आपोआप सरळ होऊ द्यायचं, पुन्हा वाकवायचं. अवघड होतं ते व्यायाम करू देणारं घर मिळणं. तिहोमिरच्या आईचं, स्तामेंकाबाईंचं, ठाम मत होतं की घरात माणूस आला आणि त्याच्यापुढे काही ठेवलं नाही तर घराण्याला बट्टा लागतो. त्यांनी टॅबलेटसमोर आंबट चेरीच्या मुरंब्याची वाटी, चमचा, पाण्याचा पेला आणि कॉफीचा कप मांडला.

"आई, हे कशाला?"

"पोरगी एवढ्या लांबून आलीये."

"आली नाहीये ती. ती नोवी सादलाच आहे."

"मग तर फारच लांबून," आई म्हणाली आणि कप आणखी पुढे सरकवला. "घे गं बाळ. लाजू नकोस."

"नाही नको आजी, आत्ताच घेतली," नेवेना म्हणाली, आणि त्यामुळे ती मुळात आलेलीच आहे यावर शिक्कामोर्तब झालं. कॉफी थंड व्हायला लागली. ती वाया जाऊ नये म्हणून ओब्रादने घेतली. ओब्राद तिथे कसा, असं विचारू नका. हाताची ओळख त्याच्या शिक्क्याने पटली होती, तेव्हा हाताचं पुढे काय होतंय ते बघणं त्याचं कर्तव्य होतं.

"काका, बोट अंधारात दिसतंय," नेवेना म्हणाली. "जरा खिडकीशी या. खिडकी उघडलीत तर अजून बरं."

"खिडकी?" ओब्राद खुर्चीतून उठला. "शेजारी, मागे दार उघडं आहे! समोर खिडकी उघडलीत की वारा आरपार जाणार. शिवलेल्या हातातून वारा गेला की माणूस गेला. माझ्या पलटणीत एक सुभेदार होता, पाठीला वारा लागला..."

"मेला?" आईने विचारलं.

"बढती चुकली," ओब्राद म्हणाला.

तिहोमिरने आशेने टॅबलेटकडे पाहिलं. ही शिकलेली मुलगी. शास्त्र जाणणारी. ती तरी सांगेल की वारा हाताच्या आतून जात नाही. नेवेना स्क्रीनजवळ झुकली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "आधी दार लावून घ्या."

असे आठवडे गेले. सगळ्या मजल्यांवरून सल्ले आले. राकियाच्या दारूत भिजवलेलं फडकं बांधा. नाही, कोबीचं पान बांधा. कोबीचं पान बांधून राकिया प्या. तळमजल्यावरून तर गाढविणीच्या दुधाची बाटली आली, आणि ती गुमान घ्यावी लागली कारण देणाऱ्याने त्यासाठी डोंगर चढला होता. शिवाय नेवेना फुकट बघते हे एकदा कळल्यावर मंगळवारी पाचला स्वयंपाकघराच्या दाराशी गुडघे, कोपर आणि माना घेऊन लोक उभे राहू लागले. ओब्रादने आपला गुडघा थेट टेबलावर ठेवला.

"साहेब, मी फक्त हात बघते," नेवेना म्हणाली.

"बघ तरी. हाताहून फार लांब नाहीये."

नोव्हेंबरात स्प्लिंट निघालं. आतून हात निघाला तो तिहोमिरला स्वतःचा वाटेना. फिकट, सुरकुतलेला, आणि अनामिका नि करंगळी अर्ध्यावरच थांबलेली. तीन बोटं मुठीत यायची, ही दोन बाहेर राहायची.

"आता हलकी पकड सुरू करू," नेवेना म्हणाली. "जे करायचंय त्याचाच सराव. एखादा मऊ पाव घ्या. दोन्ही हातांनी धरा, सावकाश फिरवा, आणि तोडा. दुखलं की थांबा."

तिच्या मनात बेकरीतला बन होता. पण दारात स्तामेंकाबाई उभ्या होत्या, आणि त्यांच्या घरात धरून, फिरवून, मोडायची वस्तू एकच होती. पुढच्या मंगळवारी त्या पहाटेच उठल्या. कणकेच्या वेण्या वळल्या, वर कबुतर बसवलं, गव्हाची लोंबी काढली, मधोमध क्रूस उमटवला. पाच वाजता टेबलावर कोलाच होता आणि शेजारी जाडजूड मेणबत्ती जळत होती.

"आई, हा सराव आहे!"

"मेणबत्ती नसेल तर तो नुसता पाव झाला. नुसत्या पावाने हात कसा शिकणार?"

हे बोलणं फार चुकीचं नव्हतं, हीच पंचाईत होती. तिहोमिरने कोलाच धरला. झिवानाने पलीकडून धरला. फिरवला. अनामिका कळवळली, करंगळीने अंग चोरलं, कोलाच मोडला नाही, कुस्करला. तेवढ्यात बेल वाजली.

इथे स्लावेचा मूळ नियम सांगणं भाग आहे. स्लावेचं आमंत्रण नसतं. ज्याला ठाऊक आहे तो येतो. 'या हं' म्हणालात तर स्लावेची शोभा गेली, आणि आलेल्याला दारातून परत पाठवलंत तर तुमची गेली. मेणबत्ती खिडकीत दिसत होती. भाजलेल्या कणकेचा वास जिन्याने तळमजल्यापर्यंत पोचला होता. आणि दारात टाय बांधून, वाईनची बाटली घेऊन ओब्राद उभा होता.

"स्लावेच्या शुभेच्छा, शेजारी!"

"ही स्लावा नाही. हा व्यायाम आहे."

"असू दे, असू दे," ओब्राद कोट काढत म्हणाला. "कोणता संत?"

ओब्रादच्या मागे दुसरा मजला होता. दुसऱ्याच्या मागे पहिला. झिवानाने फ्रिज उघडला, बंद केला आणि नवऱ्याकडे अशी नजर टाकली की त्याचं निरोगी बोटही आखडलं. मग तिने रविवारचं डुकराचं मांस बाहेर काढलं. दुसरा इलाजच नव्हता.

त्याच्या पुढच्या मंगळवारी सगळ्यांना ठाऊक होतं. आणि ज्याला ठाऊक आहे तो येतो.

नेवेना नोवी सादहून बोटाचा कोन मोजायची. पण टेबलाभोवती माणसं असायची, ग्लास असायचे आणि प्रत्येकाला डोळे होते.

"काका, अनामिका वाकवा. अजून. किती झाला बरं..."

"पन्नास!" पहिला मजला ओरडला.

"पन्नास कुठले, पंचेचाळीस!"

"तोफेचा कोन लावण्यात हयात गेली माझी," ओब्राद म्हणाला. "बावन्न. लिहून घे पोरी."

नेवेनाने डोळे मिटले आणि बावन्न लिहिलं. तिचं म्हणणं होतं की खरा आकडा त्याच्या आसपासच होता.

मग नाताळपूर्वीचा उपास लागला. टेबलावरून डुक्कर गेलं, घेवडा आला. ओब्रादने दोन घास खाऊन चमचा खाली ठेवला. "शेजारी, राग मानू नका. पण या तुमच्या नव्या संताचा थाट जरा उतरलाय."

त्याच आठवड्यात फादर स्वेतोझार आले. झगा सावरत, जिना चढून, दम घेत.

"तिहोमिर," ते म्हणाले, "माझ्या दप्तरात प्रत्येक घरापुढे एक संत आहे. तुझ्यापुढे निकोला आहे. मग हे दर मंगळवारी कुणाचं चाललंय?"

"नेवेनाचं, फादर."

फादरनी छातीवर क्रूस केला. तिहोमिरने घाईघाईने टॅबलेट पुढे केला. "ही नेवेना. संत नाही, थेरपिस्ट आहे. हाताची."

फादर स्क्रीनकडे बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी झग्याची बाही वर केली. "हे मनगट बघ गं पोरी. धूपदान हलवून हलवून रात्रभर ठणकतं."

मनगटाचं झाल्यावर त्यांनी निवाडा दिला. क्रूस उमटवायचा नाही, मेणबत्ती लावायची नाही, गाणं म्हणायचं नाही. एवढं पाळलं तर तो पाव आहे आणि पाव कुणीही तोडू शकतो. एवढं बोलून त्यांनी पावाचा तुकडा तोडला आणि घेवड्यात बुडवला.

मेणबत्ती गेली, पण माणसं गेली नाहीत. आणि तिहोमिरचं डोकं दुखायचं खरं कारण आता वेगळंच होतं. सणाला पंधरवडासुद्धा उरला नव्हता आणि करंगळी अजून मुठीबाहेर होती. एवढ्या गोंगाटात नेवेनाचं निम्मं बोलणं ऐकू यायचं नाही. ती 'हळू' म्हणायची तेव्हा टेबल 'जोरात' ओरडायचं. एकदा जोर जास्त लागला, तळव्यात काहीतरी चटकन ओढलं गेलं आणि तिहोमिरचा चेहरा पांढरा पडला.

"थांबा!" नेवेना ओरडली. खोली पहिल्यांदाच चिडीचूप झाली. "बोटाचं टोक हलवा, काका. फक्त टोक."

टोक हललं. कंडरा शाबूत होती.

"काका," नेवेना म्हणाली, "आज तुटली असती तर पुन्हा शिवायची, पुन्हा तीन महिने. तुमचा निकोला गेला असता. मला तुम्ही एकटे हवेत."

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी शुद्धीवर असताना, तिहोमिरने डाव्या हाताने पाटी लिहिली. 'मंगळवारी आमच्याकडे स्लावा नसते. मंगळवारी व्यायाम असतो. तिहोमिर, चौथा मजला.' ती दाराला लावून उपयोग नव्हता, दारापर्यंत आलेला माणूस आत येतोच. म्हणून त्याने ती अध्यक्षांकडे नेली.

ओब्रादने पाटी वाचली. त्याचा चेहरा कवायतीत उभा असल्यासारखा झाला. "ठीक आहे," तो म्हणाला. "अधिकृत करू." त्याने शिक्का मारला, पाटी प्रवेशद्वाराशी असलेल्या काचेच्या फलकात लावली, कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली.

पुढचा मंगळवार शांत होता. जिन्यात कुणी बोलेना, लिफ्टमध्ये लोक छताकडे बघू लागले, पण स्वयंपाकघरात फक्त तिहोमिर, नेवेना आणि बेकरीतला बन होता. बन नीट मोडला. करंगळीचं टोक तळव्याला टेकलं. नेवेनाने टाळी वाजवली. झिवाना कॅलेंडरसमोर उभी होती.

"तिहो, निकोला कधी आहे रे?"

"एकोणीसला. दरवर्षी असतो तसा."

"वार बघितलास?"

तिहोमिरने वार बघितला. मग तो खुर्चीत बसला.

तिसऱ्या मजल्यावर ओब्राद बूट पुसत होता.

"पाटी काढायची आहे," तिहोमिर म्हणाला.

"काढू की. शिक्क्याची पाटी आहे, ठराव लागेल. ठरावाला सभा लागेल. सभेला निम्मे रहिवासी लागतील, आणि डिसेंबरात निम्मे रहिवासी कुणाच्या ना कुणाच्या स्लावेला गेलेले असतात. जानेवारीत घेऊ."

"ओब्राद, अहो, एकोणीसला..."

तो थांबला. पुढचं बोलता येत नव्हतं. पुढे 'या' म्हणावं लागलं असतं.

"एकोणीसला काय?" ओब्रादने बुटावर फुंकर मारली.

"मंगळवार आहे," तिहोमिर म्हणाला.

"मंगळवारी तुमच्याकडे व्यायाम असतो. वाचलंय मी."

मग तिहोमिरने आडून सुचवायचं ठरवलं. त्याने बाजारातून हातभर लांब मासा आणला आणि लिफ्ट सोडून जिन्याने वर नेला. चौथ्या मजल्यावरून पुन्हा खाली आणला आणि पुन्हा वर नेला. दर मजल्यावर थांबून मोठ्याने म्हणाला, "झिवाना, एवढा मासा आपण खाणार कसा?" झिवाना तेव्हा घरात होती आणि तिला काही ऐकू येत नव्हतं. एकही दार उघडलं नाही. तिसऱ्या मजल्यावर तेवढा पीपहोलमागचा उजेड क्षणभर गेला.

एकोणीस तारखेला सकाळी आईने भाजलेला कोलाच चर्चमध्ये नेऊन आणला. या वेळी क्रूस होता, वेण्या होत्या, कबुतर होतं. टेबल ओढून लांब केलं, गेल्या महिन्यातले सगळे पाहुणे मावतील अशा खुर्च्या मांडल्या, मासा आला, गव्हाचा गोड प्रसाद आला, मेणबत्ती पेटली. चार वाजले. साडेचार वाजले. रादिशा आला. नवा सूट, बाहीची बटणं आधीच सोडलेली, हात धुतलेले.

"कुणीच नाही?" त्याने विचारलं.

"येतील," झिवाना म्हणाली.

रिकाम्या खुर्च्यांकडे बघून रादिशाला वाईट वाटलं असावं, कारण तो हळू आवाजात बोलला. "दादा, बघायलाच कुणी नाहीये, तर हाताला कशाला त्रास देतोस? मी करतो. तू मेणबत्तीपाशी..."

पाच वाजले. टॅबलेट वाजला.

"आजचं सत्र शेवटचं," नेवेना म्हणाली. मग तिला मेणबत्ती दिसली, कोलाच दिसला, आईने तिच्यापुढे सरकवलेली प्रसादाची वाटी दिसली. तिने केस सारखे केले आणि खुर्चीत ताठ बसली. "स्लावेच्या शुभेच्छा."

ती पहिली पाहुणी.

तिहोमिर उठला. "रादिशा, पलीकडची बाजू धर."

रादिशाने पलीकडची बाजू धरली. कोलाच हवेत उचलला. पहिला फेरा. अनामिका आत गेली. दुसरा फेरा. करंगळी लटपटली.

"खांदे खाली, काका," नेवेना म्हणाली. "श्वास सोडा. करंगळीला घाई करू नका, ती येतेय."

तिसरा फेरा. करंगळी आली. तिहोमिरला तळव्यात तिचं टोक टोचलं, आणि वडिलांचा हात याच जागी, याच पावावर कसा दिसायचा ते त्याला आठवलं. त्याने ओढलं. कोलाच कर्र आवाज करत मोडला आणि मोठा तुकडा त्याच्या हातात राहिला. मेणबत्ती हलली, विझली नाही. आईने एप्रनचं टोक डोळ्यांना लावलं.

"वाकलं की रे," रादिशा म्हणाला. तो आपल्या हातातल्या छोट्या तुकड्याकडे बघत होता, आणि मग हसायलाच लागला.

तिहोमिर मात्र हसला नाही. "नेवेना, बोटं उघडत नाहीयेत."

"काय?"

"मुठीत बसलीत. पाव सुटत नाहीये."

"उघडण्याचा सराव आपण पुढच्या आठवड्यात..." नेवेना म्हणाली, आणि पुढचा आठवडा नाही हे आठवून थांबली.

तेव्हा बेल वाजली.

तिहोमिरने पावासकट जाऊन डाव्या हाताने दार उघडलं. दारात ओब्राद उभा होता. अंगात निळा ट्रॅकसूट, गळ्यात शिट्टी, काखेत टॉवेलात गुंडाळलेली बाटली. मागे दुसरा मजला ट्रॅकसूटमध्ये, पहिला मजला ट्रॅकसूटमध्ये, आणि सगळ्यांच्या मागे झग्याखाली पांढरे कॅनव्हासचे बूट घातलेले फादर स्वेतोझार.

"गैरसमज नको, शेजारी," ओब्राद करड्या आवाजात म्हणाला. "आम्ही स्लावेला आलेलो नाही. पाटीवर स्वच्छ लिहिलंय, मंगळवारी व्यायाम असतो." त्याची नजर तिहोमिरच्या मिटलेल्या मुठीवर, मुठीतल्या कोलाचवर गेली. त्याने टाचा जुळवून सलाम ठोकला. "आम्ही व्यायामाला आलोय."

माशाचा काटासुद्धा उरला नाही. मूठ रात्री नऊच्या सुमारास, रादिशाने थोरल्या भावाच्या हातातला पाव एकेक घास करून खाऊन टाकल्यावर, आपसूक सैल झाली. नेवेना तोवर स्क्रीनवर बसून होती. आता तिला जायची घाई नव्हती, आणि तिच्या वाट्याची कॉफी ओब्राद घेत होता.

पुढच्या मंगळवारी पाच वाजता नेवेना आली नाही. बाकी सगळे आले, ट्रॅकसूट घालून. त्याच्या पुढच्या मंगळवारीही आले. जानेवारीत गृहसमितीच्या सभेत पुढील अर्ज दाखल झाला, तो जसाच्या तसा देत आहे.

'प्रति, माननीय अध्यक्ष, गृहसमिती. विषय: मंगळवार रद्द करण्याबाबत. महोदय, अर्जदाराचे बोट नियमानुसार वाकलेले असून व्यायामाचे कारण संपुष्टात आले आहे. तरी या इमारतीच्या चौथ्या मजल्यापुरता आठवड्यातून मंगळवार वगळण्यात यावा, व सोमवार संपताच कोणत्याही विलंबाशिवाय बुधवार सुरू करण्यात यावा, ही नम्र विनंती. सदर सही उजव्या हाताने केलेली आहे. ती दप्तरातल्या अधिकृत सहीशी जुळत नाही, याची कृपया नोंद घ्यावी.'